गच्चीवरचा एडीएस-बी रिसीव्हर: हेलिकॉप्टर किती आधी कळतं?

विमानं आणि हेलिकॉप्टर आपली ओळख, जागा आणि उंची रेडिओवरून सांगत असतात, ती यंत्रणा म्हणजे एडीएस-बी. ते संदेश पकडणारा माझा वाईच्या गच्चीवरचा रिसीव्हर आता न अडखळता चालतोय. जुना रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, आरटीएल-एसडीआर डाँगल (यूएसबीला लावायचा रेडिओ) आणि तांब्याच्या तारेची घरगुती अँटेना. संदेश येतात त्या १०९० मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी ६.९ सेंटिमीटर, तेवढीच उभी तार. मोठी प्रवासी विमानं ढिगानं दिसतात, पण तीस-पस्तीस हजार फुटांवरच्या विमानाशी आपल्या ड्रोनचा काय संबंध? खटाटोप ड्रोनच्या उंचीवर येणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी आहे, आणि तिथं गाडी अडते.

हा सिग्नल सरळ रेषेत येतो. खालून उडणारं हेलिकॉप्टर पाचगणीच्या डोंगरापलीकडे असेल, तर ते धार ओलांडेपर्यंत पडद्यावर येतच नाही. येतं ते एकदम जवळ. शिवाय काहींच्या ट्रान्सपाँडरमधून (हे संदेश पाठवणाऱ्या यंत्रातून) फक्त ओळख आणि उंची येते, जागा नाही. त्यामुळे पडदा कोरा दिसला म्हणून आकाश मोकळं धरायचं नाही.

उंचीच्या आकड्याचा घोळ सगळ्यात मजेशीर. एडीएस-बीमध्ये येणारी मुख्य उंची १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून काढलेली असते. पावसाळ्यात समुद्रसपाटीचा दाब १००५ असेल, तर पडद्यावर ३००० फूट दिसणारं हेलिकॉप्टर प्रत्यक्षात सुमारे सव्वादोनशे फूट खाली असतं. हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा, त्यातून वाईच्या जमिनीची उंची वजा करायची ती वेगळीच. आणि ड्रोनचा रिमोट दाखवतो ती उंची उड्डाणाच्या जागेपासूनची. टेकडीवरून उडवून खोऱ्यावर नेलात, तर रिमोटवर १०० मीटर दिसताना खालची जमीन दोन-तीनशे मीटर खोल असू शकते. ड्रोनसाठी खुल्या असलेल्या हिरव्या झोनमधली ४०० फुटांची मर्यादा जमिनीपासून मोजायची असते, हे आपल्यातले बरेच जण सोयीनं विसरतात.

आता वेळेचा हिशेब. हेलिकॉप्टरचा वेग १०० नॉट धरला, तर ते सेकंदाला साधारण ५१ मीटर येतं. दोन किलोमीटरवर आवाज कानावर पडला, तर हाताशी चाळीस सेकंदसुद्धा नाहीत. आवाजाला पोचायला लागलेले सहा सेकंद त्यातूनच गेले. १२० मीटरवरचं (म्हणजे ४०० फुटांवरचं) ड्रोन सेकंदाला ३ मीटरनं उतरवलं, तर चाळीस सेकंद लागतात. म्हणजे पूर्ण उंचीवर असताना गणित जमतच नाही. ६० मीटरवर असलात तर वीस सेकंदांत खाली. खोऱ्यात मी आता साठच्या वर जात नाही, चित्रीकरणाला तेवढं पुरतं.

रिटर्न-टू-होमला (ड्रोनला आपोआप परत बोलावणाऱ्या बटणाला) मात्र अशा वेळी हात लावू नका. बहुतेक ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत वर चढतं आणि मग परततं, म्हणजे नेमकं हेलिकॉप्टरच्या वाटेत. स्टिक खाली ओढायची, जागच्या जागी उतरवायचं. शेतात पडलं तर पडलं.

२१ सप्टेंबर २०१७ ला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ फँटम ४ ड्रोन लष्करी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर आदळलं, ते सुमारे ३०० फुटांवर. ४०० च्या आत राहिलो म्हणजे सुटलो, असं नाही. ड्रोन चालवणारा चारेक किलोमीटर दूर होता. ड्रोन त्याच्या नजरेबाहेर गेलेलं. रोटरच्या पात्याला पोचा आला, हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. धडक झाल्याचं ड्रोन चालवणाऱ्याला कळलं ते तपास अधिकाऱ्यांनी संपर्क साधल्यावर.

आपल्याकडे निवडणुकीत तालुक्याच्या मैदानावर तात्पुरतं हेलिपॅड उभं राहतं. चुन्याचा गोल आणि एच दिसला, की त्या दिवशी ड्रोन पेटीतच. उतरताना हेलिकॉप्टर आपल्या उंचीतून जाणारच, आणि बाजूला व्हायचं ते आपणच.

पुढचं काम: रास्पबेरी पायला हवेचा दाब मोजणारा बीएमपी२८० सेन्सर जोडून दाबाची दुरुस्ती आपोआप करणं, आणि ठरावीक उंचीखाली काही आलं की बझर वाजवणं. डाँगलच्या आधी १०९० मेगाहर्ट्झ सोडून बाकी सिग्नल अडवणारा फिल्टर लावायचाय. जवळच्या मोबाइल टॉवरनं रेडिओचा गोंगाट वाढवलाय. कुणी पाचगणीच्या पठारावर दुसरा रिसीव्हर ठेवायला तयार असेल, तर डोंगराआडची बाजूही दिसेल. वीज आणि वायफाय तुमचं, बाकी सामान माझं.