पिन फिरते म्हणून बोल्ट सुटतो: लोडरच्या कामाची पुढची नोंद

मागच्या नोंदीत छाती फुगवून लिहिलं होतं की लोडरच्या आर्मला बकेट (पुढचं खोरं) जोडणाऱ्या डाव्या पिनचा बोल्ट आता काही सुटत नाही. नवा बोल्ट, नवी स्प्रिंग वॉशर, आट्यांवर लाल थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारं द्रव). सहा तास मशीन चाललं आणि तोच बोल्ट पुन्हा बोटाने फिरायला लागला. आट्यांवरचं ग्रीस पुसायचा मी कंटाळा केला होता, त्यामुळे थ्रेडलॉकरने धरलंच नसणार. पण खरं दुखणं ते नव्हतंच.

माझ्या लोडरवर पिनच्या डोक्याला एक कान वेल्ड केलेला आहे आणि त्या कानातून एम१२ बोल्ट बकेटच्या प्लेटमध्ये जातो. भार सगळा पिनवर. बोल्टने फक्त पिनला सरकू आणि फिरू द्यायचं नाही. आर्मच्या टोकाचं बुश (पिनेभोवतीची धातूची नळी) कोरडं पडलं की ते पिनला कवटाळतं आणि बकेट हलली की स्वतःबरोबर ओढतं. मग कान बोल्टला एकदा इकडे ढकलतो, एकदा तिकडे. असा आडवा हिसका बोल्टला सगळ्यात वाईट. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये हेच दाखवलं: जोड आडवा घसरला की आट्यांमधली पकड क्षणभर जाते आणि बोल्ट उलटा फिरत जातो. त्याच्या पद्धतीच्या चाचणीत साधी स्प्रिंग वॉशर फारशी टिकत नाही. मी मात्र आतापर्यंत चार वॉशर बदलल्या होत्या.

मग मापं घ्यायला बसलो. आर्म पूर्ण खाली, बकेट लाकडी ठोकळ्यांवर, इंजिन बंद, लिव्हर सगळीकडे हलवून सिलिंडरमधला दाब सोडलेला. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून पहारीने बकेट उचलली. उजवीकडे ०.५ मिमी खेळ, डावीकडे १.४. बकेटची धार तर १५ मिमी वरखाली होत होती. त्याचंही कारण आहे. माझ्या बकेटच्या मुख्य पिनेपासून टिल्टची, म्हणजे बकेट कलवणाऱ्या सिलिंडरची पिन २५० मिमीवर आणि धार ७५० मिमीवर, म्हणजे टिल्टच्या बाजूचा प्रत्येक मिलिमीटर धारेवर तिप्पट होऊन दिसतो. धार हलते म्हणून एकट्या मुख्य पिनेला दोष देण्यात अर्थ नाही.

पिन काढताना एक संध्याकाळ गेली. झिजून तिच्यावर पायरी तयार झाली होती आणि ती पायरी बुशच्या कडेला अडत होती. रात्रभर गंज सोडवणारं तेल, सकाळी पितळेचा दांडा आणि घण. पिनेवर थेट पोलादी घण घालू नका. तिचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, कपची उडाली तर थेट डोळ्यात. चष्मा हवाच. आणि भोकं जुळलीत का हे बघायला त्यात बोट तर कधीच घालू नका.

न झिजलेल्या भागात पिन २९.९८ मिमी, झिजल्या जागी २९.३५. बुश उभ्या दिशेने ३०.७५ आणि आडव्या दिशेने ३०.२०, म्हणजे चक्क लंबगोल. इथवर अपेक्षितच होतं. बुश कापून काढलं आणि तेव्हा हसावं की रडावं कळेना. बुशचं ग्रीसचं भोक निपलसमोर (ग्रीस गन लावायच्या तोंडासमोर) नव्हतंच, ते पाव फेरा बाजूला होतं! आधी कोणीतरी बुश तसंच ठोकून बसवलेलं. मी दर आठवड्याला ग्रीस गन मारत होतो, कडेने ग्रीस बाहेर आलं की खूश होत होतो. ते निपलच्या आट्यांतून गळत होतं. पिनेला थेंबभरही मिळालं नाही.

नशिबाने बॉसचं (आर्मच्या टोकाला बुश बसतं त्या जाड भागाचं) ४० मिमीचं भोक अजून गोल आहे, दोन दिशांत फरक फक्त ०.०३. नवं बुश बाहेरून त्या भोकापेक्षा ०.०४ ने मोठं. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं, पण हिशेब केला तर ४८ अंशांच्या फरकाने ४० मिमी पोलाद जेमतेम ०.०२३ मिमी आकसतं. तेवढ्याने भागणार नव्हतं, म्हणून बॉस ८० अंशांनी तापवला. तिथून आणखी ०.०३८ मिळाले आणि बुश हाताने दाबताच आत गेलं. ग्रीसच्या भोकाची रेघ आधी मार्करने बुशच्या कडेवर आणि बॉसवर आखून ठेवली होती. पिन घालण्याआधी गन मारून ग्रीस आतून येतं का तेही पाहिलं. इतका आनंद मला ग्रीस बघून कधी झाला नव्हता.

कानातलं भोकही लांबट झालं होतं. नव्या पिनबरोबर नवा कान आला, ते काम वाचलं. प्लेटमधले बोल्टचे आटे मेले होते, तिथे वायरचा इन्सर्ट (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घातला. ८.८ ग्रेडचा बोल्ट, आटे दोनदा पुसून निळा थ्रेडलॉकर, टॉर्क पान्याने ८० न्यूटन-मीटर. बोल्टच्या डोक्यावरून कानावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली.

दहा तास झाले, रेघ सरळ आहे. धारेची हालचाल १५ वरून ११ वर आली.

बकेटच्या प्लेटमधलं डाव्या पिनेचं भोक मात्र ०.४ ने लांबट आहे. वेल्ड भरून बोअर करावं (पुन्हा गोल कातून घ्यावं) लागेल. तेव्हा बॅटरी सोडायची आणि अर्थची क्लिप वेल्डच्या अगदी जवळ त्याच प्लेटला लावायची, नाहीतर करंट नव्या पिन-बुशातून जायचा. त्याआधी टिल्ट सिलिंडरच्या मागच्या पिना बघायच्यात. तिथे आर्म वर केल्याशिवाय हात पोचत नाही, म्हणून आधी आर्मचा सेफ्टी लॉक शोधतोय. लोडर घेतला तेव्हा त्याबरोबर आलाच नव्हता.