हेडचं काम झाल्यावर गरम इंजिनची टकटक: प्रोजेक्टची प्रगती

इंजिन 1.6 लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट ऑईलच्या दाबाने भरणारे छोटे ठोकळे). झालेलं काम: हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) 0.15 मिमी फेस करून, म्हणजे घासून सपाट करून घेतलं, नवं हेड गॅस्केट, टायमिंग चेनचा पूर्ण सेट आणि कनेक्टिंग रॉडची नवी बेअरिंग. थंड असताना इंजिन जवळपास शांत, पण ऑईल तापलं की आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) कोरडी टकटक सुरू. 2000 आरपीएमच्या वर ती दबते.

बेअरिंग नुकती बदललेली असली की पहिला संशय तिथेच जातो आणि चेंबर (इंजिनखालची ऑईलची टाकी) उतरवायची घाई होते. त्याआधी आवाजाचा ताल बघायचा. 850 आरपीएमला क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) सेकंदाला साधारण 14 फेरे घेतो, कॅम त्याच्या निम्मे, म्हणजे 7. कानाने 14 मोजणं कठीण, म्हणून टायमिंग लाइट (स्पार्क झाला की चमकणारा दिवा) एक नंबरच्या स्पार्क प्लगच्या वायरला लावली. ती क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकते. चमकेगणिक एक ठोका म्हणजे आवाज वरचा, व्हॉल्व्हच्या बाजूचा. दोन ठोके असतील तर क्रँक, रॉड, पिस्टन किंवा फ्लायव्हीलचे सैल बोल्ट. (एक कॉइल दोन सिलिंडरना स्पार्क देत असेल तर लाइट दर फेऱ्याला चमकते, तेव्हा हिशेब बदलतो.) इथे चमकेला एकच ठोका मिळाला.

खात्रीसाठी इंजेक्टरचे (पेट्रोल फवारणाऱ्या नळ्यांचे) वायरचे प्लग एकेक करून काढून पाहिले. रॉडचं बेअरिंग वाजत असेल तर त्या सिलिंडरचा स्फोट थांबताच आवाज स्पष्ट कमी होतो. पिस्टन बोअरला आपटत असेल तरी तसंच, फक्त तो आवाज थंड इंजिनला जास्त असतो. इथे चारही सिलिंडरना काहीच फरक नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळतीही हुबेहूब टॅपेटसारखी टकटकते, पण धातू तापून फुगला की ती बहुधा बुजते. आपला आवाज नेमका उलटा.

प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावलं. गरम ऑईलवर आयडलला 1.2 बार, 3000 आरपीएमला 3.6 बार. दर 1000 आरपीएमला किमान 0.7 बार हा ढोबळ हिशेब धरला तर पंप आणि बेअरिंगची गॅप दोन्ही ठीक. डिपस्टिकवर पातळी कमाल खुणेच्या खालीच होती. हे बघणं फालतू वाटतं, पण ऑईल जास्त भरलं की क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि हवा शिरलेले टॅपेट वाजतात.

स्टेथोस्कोपला सर्वात मोठा ठोका तीन नंबरच्या एक्झॉस्ट बाजूला. टॅपेट कव्हर उतरवून, कॅमचा उंचवटा वर येईल असा क्रँक फिरवून, प्रत्येक टॅपेट लाकडी पट्टीने दाबला. चांगला टॅपेट दगडासारखा घट्ट लागतो. व्हॉल्व्ह उघडायच्या आधी 0.2 मिमीपेक्षा जास्त दबला तर तो गेला. तीन नंबरचा एक अगदी मऊ निघाला, शेजारचा थोडा कमी.

तो टॅपेट उघडल्यावर आतल्या बॉल व्हॉल्व्हपाशी (आतलं ऑईल अडवणाऱ्या गोळीपाशी) बारीक करडा चुरा सापडला. गॅस्केटचे जुने अवशेष काढायला ड्रिलवर अपघर्षक डिस्क वापरली की असा चुरा पडतो आणि हेडच्या ऑईलवाटांत बसतो. ऑईल फिल्टर त्या वाटांच्या आधी येतो, त्यामुळे तिथे अडकलेला चुरा थेट टॅपेटमध्ये जातो. थंड ऑईल घट्ट असतं, गळती झाकून नेतं. गरम झालं की बॉलपाशी बसलेल्या चुऱ्याच्या फटीतून दाब निसटतो. असल्या डिस्क हेड किंवा ब्लॉकजवळ आणूच नयेत. प्लास्टिकची पट्टी आणि गॅस्केट रिमूव्हर वेळ खातात, पण इंजिन खात नाहीत.

सोळाही टॅपेट बदलले, कारण चुरा निवडून दोघांतच बसत नाही. ऑईलवाटा ब्रेक क्लीनर आणि नळीच्या ब्रशने धुऊन कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकल्या. नवे टॅपेट बसवेपर्यंत कॅम घासणारी बाजू खाली करून ठेवायचे, नाहीतर आतलं ऑईल ओघळून जातं. कॅमच्या कॅप्सवर नंबर असतात, जागा आणि दिशा दोन्ही जपायच्या. मधल्या कॅपपासून बाहेर, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा करून आवळायचा. एकाच बाजूने आवळलं तर कॅमशाफ्ट मोडू शकतो.

कॅम बसल्यावर निदान अर्धा तास इंजिन सुरू करायचं नाही. फुगलेले टॅपेट बसायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतो. मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, कुठे अडला तर तिथेच थांबायचं. सुरू केल्यावर सगळेच टॅपेट वाजले. 2000 ते 2500 आरपीएमवर धरल्यावर हवा निघून गेली आणि ऑईल तापल्यावरही आयडल शांत राहिला.

पुढचं काम: 500 किलोमीटरला ऑईल आणि फिल्टर बदलणे. जुना फिल्टर कापून त्याचा कागद पसरायचा आणि चुंबक फिरवायचं. चिकटेल ते पोलाद, न चिकटणारी चंदेरी किंवा तांबूस चमक दिसली तर बेअरिंग, मग चेंबर उतरवावाच लागेल.