‘औषध काही चालू नाही हो, एवढी कॅल्शियमची सोडली तर’

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, आणि दवाखाने आले की तपासण्या आल्याच. मी इथल्या एका सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. एक्स-रे, सीटी, डेक्सा हे रोजचं काम. लग्नाआधी मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये होते, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य देऊन स्कॅन करतात त्या विभागात. त्यामुळे लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीतसुद्धा मला लोक गाठतात : "अगं, माझा स्कॅन आहे, व्हिटॅमिनच्या गोळ्या चालतील ना?"

चालतात. बहुतेक स्कॅनना या गोळ्यांचं काही सोयरसुतक नसतं. गुडघ्याच्या एमआरआयला तुमचं बी-ट्वेल्व्ह काही करत नाही, छातीच्या एक्स-रेला झिंक काही करत नाही. उलट एमआरआयवाले कधी कधी व्हिटॅमिन ई किंवा माशाच्या तेलाची कॅप्सूल स्वतःहून वापरतात, पण पोटात नाही, कातडीवर. गाठ नेमकी कुठे लागते ते दाखवायला तिथे चिकटपट्टीने कॅप्सूल लावतात. आतलं तेल चित्रात पांढरंशुभ्र उठतं, म्हणजे रेडिओलॉजिस्टला जागा सापडते.

पण मोजक्या तपासण्यांत मात्र फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. त्यात पहिला नंबर डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी. गंमत बघा, हाडांसाठी जी गोळी घेतात तीच हाडांच्या तपासणीत आडवी येते.

डेक्सात पेशंट उताणा झोपतो. पाय एका चौकोनी ठोकळ्यावर उचलून ठेवायचे, म्हणजे कंबर टेबलाला सपाट टेकते. वरून मशीनचा हात हळूहळू सरकतो. दोन वेगवेगळ्या ताकदीचे एक्स-रे शरीरातून जातात आणि मांस किती, हाड किती याची वजाबाकी कॉम्प्युटर करतो. आता या कॉम्प्युटरला हाड असं काही कळत नाही, त्याला कळतं कॅल्शियम. ते मणक्यात आहे की मणक्याच्या पुढून जाणाऱ्या आतड्यात, हे सपाट चित्रात त्याला दिसणार कसं?

मध्यंतरी शिरोळकडच्या एक मावशी आल्या होत्या. फॉर्मवर ‘चालू औषधे’च्या रकान्यात सुनेने आडवी रेघ मारलेली. स्क्रीनवर एकेक मणका उमटायला लागला आणि तिसऱ्या मणक्यावर एक लांबट पांढरा डाग आला. कडा इतक्या रेखीव, की हाडात असं काही असूच शकत नाही.

"मावशी, सकाळी काय घेतलंत?"

"च्या घेतला की."

"आणि?"

"आणि ती पांढरी मोठी गोळी, कॅल्शियमची. ती काय औषध हाय व्हय?"

तर हा असा सगळा मामला आहे. औषध म्हणजे बीपीचं, शुगरचं. शक्तीची गोळी, केसांची गोळी, गुडघ्याची पावडर, मुलाने अमेरिकेहून पाठवलेली बाटली यांना आपल्याकडे कुणी औषधात धरतच नाही. म्हणून मी आता ‘औषधं काय चालू आहेत’ असं विचारणंच सोडून दिलंय. ‘कालपासून तोंडात काय काय गेलं’ असं विचारते. मग खरी यादी बाहेर पडते, आणि कधी कधी ती चांगली लांबलचक असते.

मणक्यावर गोळी आली की मणका आहे त्यापेक्षा मजबूत दिसतो. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर असतो, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत तुमचं हाड किती भरतं त्याचा आकडा. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ मध्ये ऑस्टिओपेनिया (हाड थोडं विरळ), आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस (हाड ठिसूळ). खरा आकडा उणे २.६ असताना रिपोर्टवर उणे २.३ आला की बाई रकानाच बदलते, आणि उपचारही बदलू शकतात. शिवाय पुढच्या वेळी पोट रिकामं असताना तपासणी झाली की दोन रिपोर्टांच्या मध्ये हाड झपाट्याने झिजल्यासारखं दिसतं, आणि घरात घबराट. गोळी मणक्यावर न येता शेजारच्या मांसावर आली तर उलटा प्रकार होतो, हाड आहे त्यापेक्षा कमी भरतं. मावशींच्या बाबतीत डॉक्टरांनी तो मणका हिशोबातून वगळला आणि बाकीच्या मणक्यांवर रिपोर्ट दिला. खुब्याचं मोजमाप तर वेगळंच असतं, पोटातल्या गोळीचा त्याला त्रास नाही. हे जमणार नसेल तर सरळ दुसऱ्या दिवशी बोलवायचं.

नियम सोपा आहे : डेक्साच्या आधी २४ तास कॅल्शियम बंद. व्हिटॅमिन डीचं आठवड्याचं ६०,००० युनिटचं पाकीट घेतलं असेल तर काही बिघडत नाही, पण कधी कधी एकाच गोळीत डी आणि कॅल्शियम दोन्ही असतं, ते पाकिटावर वाचा. आणि हो, ‘आमचं आयुर्वेदिक आहे’ म्हणून सुटका नाही. प्रवाळ, मौक्तिक, शंखभस्म, कपर्दिक म्हणजे पोवळं, मोती, शंख आणि कवड्या. सगळं मुळात कॅल्शियमच. मशीनला पॅथी कळत नाही.

स्ट्रॉन्शियमचं प्रकरण याहून नाजूक. हाडांसाठी म्हणून परदेशात स्ट्रॉन्शियम सायट्रेटच्या बाटल्या दुकानात मिळतात, आणि मुलं मोठ्या प्रेमाने आईला पाठवतात. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्याच घराण्यातलं, म्हणून ते हाडात जाऊन बसतं. पण अणू जड (कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, याचा ३८), त्यामुळे एक्स-रे जास्त अडवतं आणि आकडा फुगतो. हे एक दिवस बंद करून भागत नाही, हाडातून निघायला फार काळ जातो. इथे बाटली दाखवणं हाच उपाय. म्हणजे रिपोर्ट वाचणारा डॉक्टर आकड्याकडे त्या नजरेने बघेल.

मुंबईत असताना थायरॉइड स्कॅनला हाच अनुभव वेगळ्या तऱ्हेने यायचा. थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतं, म्हणून किरणोत्सारी आयोडीन किंवा टेक्नेशियम देऊन ग्रंथी ते किती ओढते हे बघतात. ग्रंथी आधीच आयोडीनने तुडुंब असेल तर ती नवं घेईल कशाला? समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या गोळ्या ऑनलाइन मागवून खाणारे होते, वजन उतरायला म्हणून. त्यांच्या स्कॅनमध्ये ग्रंथी फिकी दिसते. आता थायरॉइडचं काम वाढलेल्या माणसात ग्रेव्हज (ग्रंथी स्वतःच जास्त हार्मोन बनवते तो आजार) असेल तर ओढ जास्त असते, आणि ग्रंथीला नुसती सूज असेल तर कमी. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे. शेवाळाच्या गोळीने एकाचं चित्र दुसऱ्यासारखं दिसू शकतं. सीटीसाठी शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्टमध्येही (चित्र ठळक उठावं म्हणून देतात ते औषध) भरपूर आयोडीन असतं, म्हणून दोन्ही तपासण्या लिहून दिल्या असतील तर थायरॉइड स्कॅन आधी आणि सीटी नंतर. उलटं झालं तर काही आठवडे थांबावं लागतं. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन द्यायचं असेल तर आधी एक-दोन आठवडे आयोडीनचं पथ्य असतं, त्यात आयोडीनयुक्त मीठ बंद आणि समुद्राची मासळीही बंद. रत्नागिरीच्या माणसाला बांगडा सोडा म्हणून सांगताना त्याचा चेहरा बघावा. त्यापेक्षा कॅन्सरची बातमी त्याने शांतपणे घेतलेली असते.

पेटस्कॅनला, म्हणजे बहुतेकदा कॅन्सरची गाठ शोधायच्या स्कॅनला, घोटाळा साखरेचा. "उपाशीच आहे, फक्त च्यवनप्राश चाटलाय." च्यवनप्राशात साखर मोप! पेटमध्ये देतात तेच मुळी किरणोत्सारी साखरेसारखं द्रव्य. गोड पोटात गेलं की इन्सुलिन सुटतं, ते द्रव्य स्नायूंत शिरतं, आणि जी गाठ उजळून दिसायला हवी ती फिकी पडते. त्या द्रव्यातलं फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे ‘बसा, संध्याकाळी करू’ असंही म्हणता येत नाही. गोड गमी, प्रोटीन शेक यांनाही हेच लागू. हृदयाच्या काही स्ट्रेस स्कॅनआधी कॉफी बंद असते, तेव्हा जिमच्या आधी घ्यायच्या पावडरींतलं कॅफिन कुणाच्या ध्यानात येत नाही.

कधी कधी मात्र स्कॅन बिचारा बरोबर असतो आणि स्कॅनला पाठवणारा रक्ताचा रिपोर्टच चुकलेला असतो. माझ्या नणंदेची मुलगी पुण्यात असते. केस गळतात म्हणून रोज १० मिलिग्रॅम बायोटिन (हे एक व्हिटॅमिनच) घेत होती. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे हे तीनशे पटींहून जास्त. रक्ताच्या थायरॉइड चाचण्यांत टीएसएच एकदम खाली, टी-३ टी-४ वर, म्हणजे थायरॉइडचं काम वाढल्याचं चित्र. तिला ना धडधड, ना घाम, ना वजनात फरक. तरी थायरॉइड स्कॅन लिहून दिलेला. रात्री फोन, "मामी, रेडिएशन किती असतं?" मी म्हटलं, ते राहू दे, आधी केसांची गोळी डॉक्टरांच्या कानावर घाल. बऱ्याच लॅबच्या चाचण्यांत बायोटिन हाच एक दुवा म्हणून वापरलेला असतो. रक्तात ते जास्त झालं की चाचणी गडबडते : टीएसएच खोटं कमी, टी-३ टी-४ खोटं जास्त. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, २०१७ मध्येच यावर इशारा दिला होता, हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिन चाचणीवरून. तिथे आकडा खोटा कमी येतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी गोळी थांबवून रक्त पुन्हा तपासायला लावलं. सगळं जागेवर. स्कॅन रद्द.

जिमवाली पोरं ताकदीसाठी पावडर घेतात, त्या क्रिएटिनचंही यातलंच. त्याने रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे ज्यावरून किडनीचं काम बघतात तो आकडा, थोडं वर जाऊ शकतं, किडनी ठणठणीत असली तरी. कॉन्ट्रास्ट सीटीआधी आम्ही तोच आकडा बघतो, आणि तो जास्त दिसला की सगळं अडतं. क्रिएटिनचा डबा चालू आहे हे आधी सांगितलं तर डॉक्टर दुसऱ्या चाचणीने खात्री करून घेऊ शकतात.

एक उलटं दुखणंही आहे. ‘आदल्या दिवशी कॅल्शियम घेऊ नका’ असं फोनवर सांगितलं की काही जण सगळाच डबा बंद ठेवतात, बीपीच्या गोळीसकट. मग इथे येऊन प्रेशर भलतंच वर, आणि स्कॅन बाजूला ठेवून त्याचीच धावपळ. बीपीची, फिटची, हृदयाची गोळी डॉक्टरांनी स्पष्ट बंद करा म्हटल्याशिवाय बंद करू नका. उपाशी यायला सांगितलं असलं तरी ती घोटभर पाण्याबरोबर घेतलेली बहुधा चालते, फोन करून विचारून घ्या. आणि डेक्सा झाली की कॅल्शियम त्याच दुपारी जेवणानंतर पुन्हा सुरू.