श्रीलंका पाहिली ती तलावांच्या वाटेने

श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागाचा नकाशा जरा मोठा करून बघा. हिरव्या रंगावर निळे ठिपके दिसतील, शेकड्यांनी. हे जवळजवळ सगळे तलाव माणसांनी बांधलेले आहेत. त्यांतले कित्येक दीड-दोन हजार वर्षं जुने आहेत आणि आजही त्यांच्या पाण्यावर भात पिकतो. आईला घेऊन श्रीलंकेला जायचं ठरलं तेव्हा मी बरेच तयार कार्यक्रम वाचले होते. सिगिरिया एक दिवस, कँडी एक दिवस, सफारी अर्धा दिवस, मग समुद्रकिनारा. एवढी पळापळ आईच्या गुडघ्यांना झेपली नसती आणि मलाही ती नको होती. म्हणून चहाचे मळे आणि दक्षिणेचा किनारा या खेपेला सोडून दिले. अनुराधपुर ते पोलोन्नरुव, या दोन जुन्या राजधान्यांमधला कोरडा पट्टाच घ्यायचा आणि एका तलावाकडून दुसऱ्या तलावाकडे असा सावकाश बघायचा, असं ठरवलं. तिथले राजवाडे, स्तूप, हत्ती, पक्षी सगळे त्या पाण्यापाशीच भेटतात.

गेलो ऑगस्टमध्ये. पावसाचे दिवस म्हणून अनेकांनी परावृत्त करायचा प्रयत्न केला, पण श्रीलंकेत पावसाचे दोन हंगाम आहेत. मे ते सप्टेंबरमधला नैऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, गॉल आणि डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतो. डोंगर ओलांडून वारा पलीकडे पोचतो तो कोरडा होऊन. या पट्ट्याला खरा पाऊस मिळतो ऑक्टोबर ते जानेवारी. उरलेलं वर्ष त्या साठवलेल्या पाण्यावर काढायचं, म्हणूनच तर एवढे तलाव. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे रणरणतं ऊन असतं, तलाव उतरलेले असतात आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत येतं. मला हवे होते ते याच गवतावर येणारे हत्ती.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. ईटीए म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी आधी काढून ठेवावी, आणि ती सरकारी संकेतस्थळावरूनच. हुबेहूब तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं वरती जादा पैसे लावतात. शुल्काचे नियम अधूनमधून बदलतात, ते निघण्याआधी तपासायचे. अनुराधपुर, सिगिरिया, पोलोन्नरुव इथे परदेशी पर्यटकांचं तिकीट चांगलंच महाग आहे, पण सार्क देशांच्या नागरिकांना त्यात मोठी सवलत मिळते. त्यासाठी पासपोर्ट खिडकीवर दाखवावा लागतो, म्हणून तो हॉटेलात कुलपात ठेवून निघू नका. दांबुल्लाच्या लेण्यांचं तिकीट वेगळं आहे.

अनुराधपुरला आम्ही मुद्दाम पौर्णिमा गाठली. श्रीलंकेत दर पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सुट्टी असते. खोली खूप आधी घ्यावी लागली आणि रस्त्यावर रिक्षा मुंगीच्या पावलाने चालली होती, पण माझं ऐकाल तर पोया गाठाच. पांढऱ्या कपड्यातली कुटुंबंच्या कुटुंबं, हातात कमळाच्या आणि निळ्या कुमुदाच्या कळ्या घेऊन श्रीमहाबोधीकडे चालली होती. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेहून आणलेल्या फांदीपासून वाढलेलं हे झाड, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातलं. माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ माहीत असलेल्या झाडांमध्ये हे सर्वांत जुनं मानलं जातं. झुकलेल्या फांद्यांना सोनेरी टेकू दिले आहेत. आई तिथल्या बायकांमध्ये जाऊन बसली. भाषेचा काही संबंध नाही, पण कुणीतरी तिच्या हातात दोन कळ्या ठेवल्या आणि पाकळ्या मागे कशा दुमडायच्या ते करून दाखवलं.

देवळाच्या आवारात टोपी आणि चपला काढायच्या, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढून घेणं तिथे अपमानाचं मानतात, रखवालदार लगेच हटकतात. दुपारी फरसबंदी तव्यासारखी तापते. पायमोजे चालतात. आईसाठी मी जाड सुती जोड घेतला होता, त्याचा फार उपयोग झाला.

गर्दी रुवनवेलिसाय स्तूपापाशी असते. कुट्टम पोकुणाकडे त्या मानाने कुणी वळत नाही, आणि मी मात्र तिथे सर्वांत जास्त वेळ काढला. भिक्षूंच्या स्नानासाठी बांधलेली ही दगडी पुष्करिणींची जोडी आहे, एक सुमारे 40 मीटर लांब, दुसरी 28. धाकटीच्या टोकाला जमिनीत दगडाचे लहान लहान हौद कोरलेले दिसतात. पाटाचं पाणी थेट तळ्यात सोडलेलं नाही. ते एका हौदातून पुढच्या हौदात जातं, वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि निवळलेलं पाणी मकराच्या मुखातून तळ्यात पडतं. मी गुडघ्यावर बसून एकेका हौदाच्या कडेवरून बोट फिरवलं. गाळ काढायला हात सहज आत जाईल एवढीच त्यांची खोली. कुणाला तरी तो गाळ वरचेवर काढायचा होता आणि बांधणाऱ्याने त्याचा विचार केला होता.

अनुराधपुरहून दांबुल्लाच्या वाटेवर थोडी वाट वाकडी करून कालावेवला गेलो. हा तलाव पाचव्या शतकात धातुसेन राजाने बांधला. तिथून अनुराधपुरच्या तिस्सावेवपर्यंत 87 किलोमीटरचा पाट काढला, त्याला जयगंगा म्हणतात. त्याच्या काही भागात उतार किलोमीटरमागे जेमतेम 10 सेंटीमीटर आहे. पाटाला बांध एकाच बाजूला आहे. वरच्या अंगाची जमीन तशीच मोकळी ठेवल्याने तिकडून वाहत येणारं पावसाचं पाणीही पाटात मिळतं. दुर्बीण-लेव्हल नसताना ही समपातळी कशी साधली असेल, या विचाराने मी बांधावरून हलेना. जवळच अवुकनची अखंड कातळात कोरलेली सुमारे 12 मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती आहे. तिच्या अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या इतक्या बारीक आणि समांतर आहेत, की सकाळच्या तिरप्या उन्हात त्या मोजता येतात.

कालावेव बघितल्याशिवाय सिगिरियाला जाऊ नये असं माझं ठाम मत झालं आहे. कारण राजवृत्तांतातली कथा अशी: धातुसेनाचा मुलगा कश्यप याने बापाला कैद केलं आणि खजिना कुठे आहे विचारलं. धातुसेनाने त्याला कालावेवला नेलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझी संपत्ती ती एवढीच. कश्यपाने बापाला ठार केलं आणि भाऊ मोग्गलान सूड घ्यायला येईल या भीतीने सिगिरियाच्या कातळावर राजवाडा बांधला. त्याचं राज्य 477 ते 495. शेवटी भाऊ आलाच.

सिगिरियाला दार उघडताच आत शिरलो. चढ सुमारे बाराशे पायऱ्यांचा, तेव्हा आई वर येणार नव्हतीच. "तू जा, मी इथे झाडाखाली बसते, मला काही कंटाळा येत नाही," असं म्हणून ती खालच्या जलोद्यानात थांबली. मी मध्यावरच्या खोबणीतली भित्तिचित्रं पाहिली, जिथे फोटोला पूर्ण बंदी आहे. आरसा-भिंतीवर शेकडो वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनी कोरलेल्या सिंहली कवितांच्या ओळी पाहिल्या आणि सिंहाच्या दोन अजस्र पंज्यांमधून माथ्यावर गेले. माथ्यावरही कातळात खोदलेलं टाकं आहे. पण खाली आले तेव्हा आईकडे माझ्याहून चांगली गोष्ट होती. तिला चुनखडीच्या फरशीतली नक्षीदार भोकं सापडली होती. ती कारंजी आहेत. जमिनीखालून आलेलं पाणी केवळ दाबाने वर उसळतं आणि भरपूर पाऊस झाला की पंधरा शतकांनंतर आजही उडतं. गुडघे दुखणाऱ्यांनी सिगिरिया टाळू नये. खालची उद्यानं सावकाश बघण्यात सकाळ सहज जाते आणि तिथे मोर, मुंगूस, माकडं सगळं दिसतं. वर जाणाऱ्यांनी गडबड-गोंगाट करू नये, कारण कड्यावर गांधीलमाश्यांची पोळी आहेत आणि तशा पाट्या लावल्या आहेत.

दांबुल्लाची पाच लेणी सुंदर आहेत, त्यांबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं.

पोलोन्नरुवला मी सायकल भाड्याने घेतली आणि आईसाठी रिक्षा ठरवली. चोळांनी अनुराधपुर जिंकल्यावर राजधानी इकडे आली. 1070 मध्ये पहिल्या विजयबाहूने चोळांना हटवलं आणि बाराव्या शतकात पहिल्या पराक्रमबाहूने हे नगर भरभराटीला आणलं. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाऊ नये, हे त्याचं वचन तिथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतं. त्याच्या पराक्रम समुद्र तलावाचा बांध सुमारे 14 किलोमीटरचा आहे. गल विहारातली सुमारे 14 मीटरची पहुडलेली बुद्धमूर्ती सगळेच बघतात. तिच्या डोक्याखालच्या दगडी उशीकडे जरूर लक्ष द्या. डोक्याच्या भाराने उशी दबली आहे, तो खोलगटपणा शिल्पकाराने ग्रॅनाइटमध्ये उतरवला आहे. अनुराधपुरच्या चंद्रशिळांवर, म्हणजे पायरीशी बसवलेल्या अर्धवर्तुळाकार कोरीव दगडांवर, हत्ती, घोडा, सिंह यांच्याबरोबर बैल असतो, तो इथल्या वटदागे या गोल मंदिराच्या पायरीवरच्या चंद्रशिळेत नाही. चोळांच्या काळात आलेल्या शैव प्रभावाशी त्याचा संबंध जोडतात. नंदीवर पाय कसा ठेवायचा, हे आईला सांगावं लागलं नाही.

आणि मग मिन्नेरिया. हा तलाव महासेन राजाचा, कारकीर्द 276 ते 303. आसपासचे शेतकरी या राजाला मिन्नेरी देव म्हणून पुजतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर इथे जमणारे हत्ती हा आशियाई हत्तींचा सर्वांत मोठा ज्ञात मेळावा. जीप जवळच्या हबरण गावात मिळतात. जीपचं भाडं आणि उद्यानाचं शुल्क वेगवेगळं असतं, शुल्कावर सेवाकर वगैरे चढतो, म्हणून एकूण किती ते आधीच विचारून घ्यावं. सफारी दुपारची घ्यावी, कारण ऊन कलल्यावर कळप जंगलातून तलावाच्या मोकळ्या पात्रात उतरतात.

आमच्या चालकाला मी अय्या म्हणत होते, तिथे मोठ्या भावाला तसं म्हणतात. निघतानाच त्याला सांगितलं, "अय्या, जवळून बघायचा हट्ट नाही. लांब उभी करा आणि इंजिन बंद करा." तो मनापासून हसला. आत गेल्यावर त्याचं कारण कळलं. एका कळपाभोवती जीपचा अर्धा वेढा पडला होता, पिल्लू आयांच्या पायांत दडलं होतं आणि एक मादी कान फेंदारून उभी होती. पर्यटकांनी चालकाला "अजून पुढे" म्हणणं बंद केलं तर हे थांबेल, कारण चालकाची बक्षिसी आपल्याच हातात असते. अय्याने जीप पाण्याच्या दिशेला, वाऱ्याच्या अंदाजाने लांब उभी केली. थोड्या वेळाने दुसरा कळप आपण होऊन आमच्या बाजूला चरत आला.

हत्ती आखूड गवत कसं खातो ते मी प्रथमच एवढ्या निवांत पाहिलं. पुढच्या पायाच्या नखांनी तो जमिनीला हलक्या लाथा मारतो, गवत मुळासकट सैल होतं. सोंडेने त्याची जुडी करतो, मग ती पायावर दोन-तीनदा झटकून माती उडवतो आणि तोंडात घालतो. झटकताना फट्-फट् असा आवाज येतो, आणि चाळीसेक हत्ती एकदम चरत असले की तो आवाज सगळीकडून ऐकू येतो. एक पिल्लू लाथा मारायला शिकत होतं, पण उपटलेलं गवत त्याच्या सोंडेतून सारखं निसटत होतं. सुळे कुणालाच नव्हते. श्रीलंकेतल्या बहुतेक नरांनाही ते नसतात. मागे उथळ पाण्यात चित्रबलाक आणि झोळीवाले, म्हणजे पेलिकन, बसले होते.

अय्या म्हणाला, पूर्वी याहून खूप जास्त हत्ती असायचे. 2018 मध्ये मोरगहकंद धरण पूर्ण झाल्यानंतर त्याचं पाणी कालव्यांनी जुन्या तलावांत येऊ लागलं. ऐन कोरड्या दिवसांत तलाव भरलेला राहिला की गवताची जमीन पाण्याखाली जाते आणि हत्ती जवळच्या कौडुल्ला तलावाकडे किंवा थेट शेतांकडे वळतात. शेतात शिरलेल्या हत्तीचं काय होतं ते आकड्यांत दिसतं. 2023 या एका वर्षात श्रीलंकेत साडेचारशेहून अधिक हत्ती मेले, त्यांतले कितीतरी गोळ्या, विजेच्या तारा आणि चाऱ्यात लपवलेल्या स्फोटकांनी. त्याच वर्षी दीडशेहून अधिक माणसंही हत्तींच्या हल्ल्यात गेली.

"माझा धाकटा भाऊ याच पाण्यावर भात लावतो," अय्या म्हणाला. "तलाव भरला की तो खूश, उतरला की मी."

"मग घरी भांडता का?" आईने मला विचारायला सांगितलं.

"भांडत नाही. त्याचं पीक हत्तींनी तुडवलं तेव्हा तोही म्हणाला, ऑगस्टमध्ये थोडं पाणी सोडा, त्यांना तिकडेच खाऊ द्या."

निसर्गप्रेमी मंडळींची मागणीही तीच आहे आणि मला ती पूर्णपणे पटते. हंगामाचे ते थोडे महिने तलाव पूर्वीसारखा उतरू दिला तर हत्तींना चारा मिळेल आणि भावाच्या शेताची राखणही होईल. तुम्ही जाल तेव्हा जीप ठरवण्याआधी हबरणमध्ये एवढंच विचारा, या आठवड्यात पाणी कुठल्या तलावाचं उतरलं आहे. मिन्नेरियाचं नाव मोठं आहे म्हणून तिथेच जायचा आग्रह धरू नका. पाणी कौडुल्लाचं उतरलं असेल तर कौडुल्लाला जा.