आमची वाटचाल : लाइट न जाणाऱ्या गावात बॅटऱ्या विकणारा माणूस

१९९९ ला दांडिया बाजारात दुकान टाकलं तेव्हा वडील म्हणाले, धंदा बरोबर आहे पण गाव चुकलंय तुझं. तेव्हा राग आला होता. पुढे २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात भारनियमन सुरू होतं, रोज सहा-सहा तास लाइट नाही, आणि नाशिकचा माझा साडू इन्व्हर्टर विकून विकून दमला, फ्लॅट घेतला, वर गाडी. इकडे बडोद्यात आमची बोंब, कारण लाइट जायचीच नाही. गेली तरी पंधरा मिनिटात परत. गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारायचं, भाई, घ्यायचं कशाला ते सांगा. आणि मला सांगता यायचं नाही.

सुरुवातीला दोघं होतो. पार्टनरने चाळीस हजार आणि स्कूटर आणली, मी आणलं सोल्डरिंग, क्लॅम्प मीटर, आणि वडिलांच्या मित्राने दिलेला काचेचा हायड्रोमीटर (बॅटरीच्या ॲसिडची घनता मोजायचा), तोच अजून वापरतो, रबराचा फुगा चार वेळा बदललाय फक्त. पार्टनरला बोलता छान यायचं, मला बॅटरी ऐकता यायची. हसू नका, चार्जिंगला लावलेली ट्यूब्युलर बॅटरी भरत आली की बारीक सिस्स आवाज येतो, सहापैकी एक सेल गप्प असला की समजायचं तो गेला.

मग आमच्या डोक्यात आलं की बडोद्यात इन्व्हर्टर त्यालाच विकायचा ज्याचं दोन तासात काहीतरी मरतं. दाताचे दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, आइस्क्रीमवाले. त्यावर दहा-बारा वर्षं घर चाललं.

२०११ च्या दिवाळीनंतर ताई आल्या. बँकेतून रिटायर, बडोद्यातल्याच समा भागात राहायच्या, खांद्याला कापडी पिशवी. मी बॅटरीचं ॲसिड तपासत होतो, हायड्रोमीटर हातात. त्यांनी विचारलं किती आलं, मी म्हटलं १.२४०, फुल चार्ज. तर म्हणतात, "माझं १.०२५ असतं, त्यापेक्षा हललं की मला झोप येत नाही." मला वाटलं बाई कसली बॅटरी वापरतात. मग पिशवीतून रिफ्रॅक्टोमीटर निघाला, पाण्याचा खारटपणा मोजायचा. त्यांच्या हॉलमध्ये साडेचारशे लिटर समुद्र होता, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय. जामनगरजवळ नराऱ्याला ओहोटीच्या वेळी चालत जाऊन प्रवाळ बघून आल्या आणि तेव्हापासून हे वेड. दगडी प्रवाळ त्यांच्याकडे नाहीत, तो आपल्याकडे वन्यजीव कायद्यात सूची १ मध्ये आहे, २००१ पासून, आणि कोणी गुपचूप विकत असेल तर घेऊ नका, उगाच नसती भानगड. त्यांच्याकडे मऊ प्रवाळ, म्हणजे झोआन्थस, मशरूम, एक मोठा लेदर, आणि मासे म्हणजे क्लाउनफिशची जोडी, पिवळी टँग आणि एक रास.

त्यांना हवा होता बॅकअप. मी सगळं लावून दिलं. सगळं म्हणजे खरंच सगळं, रिटर्न पंप (खालच्या हौदातलं पाणी वर टाकीत चढवणारा), स्किमर (घाण फेसावाटे कपात काढणारा), दोन वेव्हमेकर (टाकीत पाणी हलवणारे छोटे पंप), लाइट, चिलर (पाणी गार ठेवणारा). साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर (घरच्या लाइटसारखा गुळगुळीत नाही, चौकोनी लाटेचा करंट देणारा), १५० एएच म्हणजे अँपिअर-अवरची बॅटरी, आणि मी ऐटीत म्हटलं ताई आता पाच तास बघायचं नाही. २०१२ च्या मे महिन्यात त्या लग्नाला पुण्याला गेल्या आणि दुपारी त्यांच्या लाइनीची केबल जळाली. चिलरचा कॉम्प्रेसर सुरू व्हायला गेला की करंटचा झटका मारतो, इन्व्हर्टरने ओव्हरलोड दाखवला आणि बसला. सगळंच बंद. रात्री नऊला शेजाऱ्यांनी कुलूप उघडलं तेव्हा पाणी ३२ डिग्री, मासे वर येऊन तोंड उघडून. टँग आणि रास गेले. शिवाय सॅम्प, म्हणजे टाकीखालचा हौद, ओसंडून हॉलभर खारं पाणी, कारण रिटर्नच्या नळीला सायफन तोडायचं भोक असतं त्यात बारीक गोगलगाय बसली होती, पंप बंद झाल्यावर टाकी उलटी खाली उतरत राहिली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे परत द्यायला गेलो. ताई परत आलेल्या, फरशी पुसत होत्या. पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, पैसे ठेवा. काय चुकलं ते मला कागदावर लिहून द्या." तो कागद मी अजून ठेवलाय. त्याच दिवशी त्यांनी मला समजावलं की आधी मरतं ते ऑक्सिजन कमी पडून, गरमीचा नंबर नंतर. २६ डिग्रीला गोड्या पाण्यात लिटरला आठेक मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात साडेसहाच्या आसपास, आणि पाणी तापलं की अजून कमी. म्हणजे सुरुवातच उधारीवर. वर अंधार झाला की प्रवाळही ऑक्सिजन सोडायचा थांबतो आणि घ्यायला लागतो.

आता पार्टनरचं. हे लिहू नको असं आमच्या ही ने दोनदा सांगितलंय. त्या प्रकरणात स्क्वेअर वेव्हचा आग्रह त्याचा होता, त्यात मार्जिन जास्त. सिंक्रोनस पंप (लाइटच्या लयीवर फिरणारे) त्यावर घुं घुं करतात, तापतात, कधीकधी परत फिरायला सुरूच होत नाहीत, हे मी म्हणत होतो. पण गावात बोभाटा काय झाला? की मी टाकी मारली. मी एकट्याने. मत्स्यालयवाल्यांच्या दुकानादुकानात जाऊन त्याने सांगितलं, दिवाळीच्या आत भागीदारी मोडली, चाळीस हजाराचे साठ मागितले, स्कूटर घेऊन गेला, आणि आमच्यापासून चार दुकानं सोडून बोर्ड लावला, "रीफ स्पेशल बॅकअप, गॅरंटी ८ तास". रीफ म्हणजे प्रवाळाची टाकी. माझ्याच टाकीवर शिकून. वर्षभर मला एक मासेवाला गिऱ्हाईक आलं नाही. दवाखानेवाले पण दोघं तिकडे गेले. दुकानाचं भाडं बायकोच्या शिकवणीतून भरलं, ते कुठल्या बोर्डावर लिहीत नाहीत.

ताई मात्र माझ्याकडेच. रविवारी सकाळी सेवउसळ खाऊन मी त्यांच्याकडे जायचो आणि आम्ही मुद्दाम मेन स्विच खाली करायचो. बघत बसायचं. सॅम्पमध्ये पाणी किती चढतं, ज्या रेषेवर थांबलं तिथे मार्कर मारायचा, त्याच्या वर कधी भरायचं नाही. भोक पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, दर पंधरा दिवसांनी टूथब्रशने साफ. लाइट आली की स्किमर वेडा होऊन कप उलटा भरतो म्हणून कप आधीच काढून ठेवायचा. हे कुठल्याही गॅरंटीत नसतं.

आणि मग मोठा धडा क्लॅम्प मीटरने दिला. डीसी वेव्हमेकर खातो दहा वॉट. तोच इन्व्हर्टरवर लावला तर इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच वीस वॉट खातो, म्हणजे नोकराचा पगार मालकापेक्षा जास्त! १५० एएच गुणिले १२, कागदावर १८०० वॉटअवर, मी निम्मेच धरतो, जुन्या बॅटरीवर भरवसा नाही, म्हणजे ९००. इन्व्हर्टरमधून तीस तास. बॅटरीला वेव्हमेकर थेट लावला तर नव्वद. म्हणून आम्ही इन्व्हर्टर विकणाऱ्याने इन्व्हर्टर लावायचं बंद केलं. २४ व्होल्टचा पंप असेल तर मधे छोटा स्टेपअप (व्होल्टेज वाढवणारा), फ्यूज, आणि रिले, म्हणजे मेन गेला की आपोआप बॅटरीवर. पंपाचं तोंड वरच्या बाजूला, पाण्याचा पृष्ठभाग हलला पाहिजे, तिथेच हवा आत जाते. बाकी रिटर्न, स्किमर, लाइट, चिलर, सगळं मरू दे.

२०१३ ते १८ बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मुलगी इंजिनिअर झाली.

३१ जुलै २०१९. एका दिवसात वीस इंच पाऊस. मुजमहुड्याच्या गोडाऊनमध्ये ६२ बॅटऱ्या पाण्याखाली, बाहेर रस्त्यावर मगर, पेपरात फोटो आले होते ते खरे आहेत. विमा होता पण आगीचा. त्यात आम्ही बुडालो म्हणजे शब्दशः. कर्ज २०२२ ला फिटलं. तेव्हापासून माल खाली ठेवत नाही, आणि गिऱ्हाइकाला पण सांगतो, बॅटरी टाकीच्या खालच्या कपाटात तर अजिबात नको, पाण्याने नाही तर खाऱ्या हवेने टर्मिनल खाल्ली जातात, हिरवं पीठ जमतं. बाल्कनीत, उंच स्टँडवर, लगला, म्हणजे वायरच्या टोकाच्या कडीला, पेट्रोलियम जेली.

आणि मग ऑगस्ट २०२४. २६ ला जन्माष्टमी होती, दिवसभर पाऊस, वर आजवा धरणाचं पाणी. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, नदी ३७ च्या आसपास गेली. मंगळवारी सकाळी समाची लाइट गेली ती गुरुवारी रात्री आली. ताई दुसऱ्या मजल्यावर, खाली जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत पाणी. जायला रस्ताच नाही. दिवसातून तीन वेळा त्या फोन करून व्होल्टेज सांगायच्या. मंगळवारी रात्री १२.५. बुधवारी दुपारी १२.३. बुधवारी रात्री एकदम १२.१, मी म्हटलं ताई काहीतरी गडबड आहे, दहा वॉटला एवढं पडत नाही. तर हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका. बिल्डिंगवाले मोबाइल लावतायत." बाल्कनीत रांग! गाडीचा चार्जर बॅटरीला जोडलेला, फ्लॅट नंबरप्रमाणे अर्धा अर्धा तास, वहीत नोंद. मी हिशेब केला, आठ मोबाइल म्हणजे १६० वॉटअवर, म्हणजे पंपाचे सोळा तास गेले. चिडणार होतो. पण खालच्या मजल्यावरच्या आजींचा मुलगा कॅनडात, त्याला दोन दिवस फोन नव्हता. मी म्हटलं लावू द्या, फक्त १२ च्या खाली गेलं की पंप एक तास चालू एक तास बंद करा आणि मधे सेलवरचा एअर पंप. माशांना खायला अजिबात नाही. गुरुवारी दुपारी १२.० वर काटा. क्लाउनफिशची जोडी, तीच २०११ ची, जिवंत. एक झिंगा गेला, लेदर चार दिवस मिटून बसला आणि मग उघडला.

त्या दोन रात्री मला अनोळखी नंबरवरून अकरा फोन आले. सगळे आठ तास गॅरंटीवाले. एकाची २०० एएचची बॅटरी, त्यावर रिटर्न, स्किमर, लाइट सगळं, पहाटेच्या आत संपलेली. मी फोनवर सांगितलं तसं त्याने मगने पाणी वरून ओतलं, रात्रभर, बायको आणि तो आळीपाळीने. वाचले काही. त्याचे पैसे मी घेतले नाहीत, म्हणजे घेणार कशाचे.

लोक विचारतात म्हणून सांगतो, नाही विचारलं तरी सांगतो, बॅटरी घ्यायच्या आधी रविवारी मेन स्विच खाली करा आणि खुर्ची घेऊन टाकीसमोर दोन तास बसा. मोबाइल न बघता. जे दिसेल तेवढंच विकत घ्या.

गेल्या महिन्यात पार्टनरचा मुलगा दुकानावर आला. चांगला मुलगा आहे, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "काका, बाबांनी पाठवलंय, हायड्रोमीटर आहे का, आमचा फुटला." होता. पॅकबंद, काचेचा, आजकाल प्लास्टिकचेही येतात. कसा वापरायचा ते पण दाखवलं, काच डोळ्याच्या पातळीला, वाकून नाही बघायचं. एमआरपी घेतली, एक रुपया कमी नाही.