आमची वाटचाल : मैलापाणी, आंबा आणि अडकलेलं बिल

‘यांच्या टाक्या बघायला नाकाला रुमाल लावून जायचं,’ असं मैलापाणी साफ करायच्या टाक्या बांधणाऱ्या आमच्याबद्दल सांगत फिरणारी घाटावरची एक कंपनी होती. नाव घेत नाही. त्यांचे ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा फुंकणारी यंत्रं, दिवसरात्र वीज खाणार. आमची यूएएसबी, म्हणजे खालून वर चढणारं मैलापाणी गाळातल्या जंतूंकडून साफ करून घेणारी टाकी, हवेवाचून चालणार आणि पुढच्या एरेशनचा (हवा फुंकून सफाईचा) भार निम्म्यावर आणणार. देवगड-रत्नागिरीकडे पावसाळ्यात लाइटचं काय चालतं, ते सांगायला नको. तरी नगरपरिषदेत उलटतपासणी आमचीच: मैलापाण्यात आंब्याच्या कॅनिंग कारखान्याचं सांडपाणी चालेल कसं? कानपूरच्या जाजमऊला तीन भाग मैलापाण्यात एक भाग टॅनरीचं (चामडं कमावण्याच्या कारखान्यांचं) पाणी घेणारा 36 एमएलडीचा (दिवसाला 3.6 कोटी लिटर) यूएएसबी प्लांट 1994 मध्येच सुरू झाला, हे दाखवलं तेव्हा कुठे काम मिळालं.

पहिल्याच मे महिन्यात घात झाला. आंब्याचं पल्पिंग (रस काढणं) जोरात, आणि नेमका नगरपरिषदेचा मैलापाण्याचा पंप जळला. टाकीत गेलं ते नुसतं रसाचं धुवण. साखरच ती, लगेच आंबते. आम्ल करणारे जंतू भराभर वाढतात, ते आम्ल खाऊन मिथेन गॅस करणारे सावकाश. पीएच 5.5 (हवा 7 च्या आसपास), गॅस साठवायचा होल्डर रिकामा होऊन तळाला टेकलेला, सॅम्पलच्या नळातून काळ्या गाळाऐवजी राखाडी फेस. त्या कंपनीची माणसं येऊन फोटो काढून गेली. पंप कुणाचा जळला, ते फोटोत दिसत नाही.

उभे राहिले ते आमचे कॅनिंगवाले दादा. आपलं पाणी त्यांनी स्वतःच्या जुन्या हौदात अडवलं, पुढच्या कामाचा अ‍ॅडव्हान्स हातावर ठेवला. “तुझी टाकी आदी बरी कर, पैशांचा मगे बघू.” जंतूंसाठी शेणकाला घालत, फीड (आत सोडायचं पाणी) जरा जरा वाढवत टाकी रुळावर आणली.

टाकी आंबली तर चुन्याच्या नादी लागू नका. पीएच 6.7 च्या आसपास गेला की चुना कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतो, पाइप चोंदतात. खायचा सोडा महाग, पण काम तोच करतो. पीएच मीटरवरही विसंबू नका, पीएच सगळ्यात शेवटी पडतो. आमचं पहिलं ब्युरेट (थेंब मोजून सोडायची काचेची नळी) अजून वर्कशॉपात आहे, टोक तुटलेलं, रबरी नळी चढवलेलं. तसल्या नळीनं रोज टायट्रेशन (थेंब मोजून पाण्यातलं आम्ल तपासणं) करा. आम्लं आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद) यांचं गुणोत्तर 0.4 कडे सरकलं की फीड तोडा, कुणाला विचारत बसू नका. काजूच्या टरफलांच्या तेलाचं पाणी तर कुणी कितीही गळ घातली तरी घेऊ नका, त्यातली फिनॉलं जंतूंच्या मुळावर येतात.

पुढची वर्षं नीट गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. शेजारच्या गावात त्या कंपनीचे ब्लोअर ताडपत्रीखाली आहेत, वीजबिल परवडत नाही म्हणे. आमचं शेवटचं बिल मात्र ‘दुर्गंधीची तक्रार’ असा शेरा मारून अडवलेलं आहे. फाइलला त्याच फोटोंची झेरॉक्स लावलीय, मी स्वतः बघून आलो.