माझा अनुभव: साथीचे प्रतिमान, अवकल समीकरणे आणि ‘अपेक्षित उत्तर’ हा रकाना

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला अवकल समीकरणे, म्हणजे एखादी राशी किती वेगाने बदलते हे सांगणारी समीकरणे, शिकवताना सुरुवात साथरोगाच्या प्रतिमानापासून (साथीच्या गणिती मॉडेलपासून) करावी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुणही त्याच प्रकल्पावर द्यावेत, असे मी ठरवले. विभागाने होकार दिला, संगणक प्रयोगशाळा मिळाली, विद्यार्थीही उत्सुक होते. सगळे अडले ते परीक्षा विभागाच्या एका अर्जावर, आणि त्याची चीड अजून पुरती ओसरलेली नाही. असा प्रकल्प घेऊ इच्छिणाऱ्या इतर शिक्षकांचा तरी वेळ वाचावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रकल्पासाठी मी १९७८ च्या जानेवारीत इंग्लंडमधील मुलांच्या एका निवासी शाळेत आलेली फ्लूची साथ निवडली. ७६३ मुलांपैकी ५१२ जणांनी अंथरूण धरले होते आणि ही माहिती त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांचे तीन गट करायचे: लागण होऊ शकणारे, बाधित आणि बरे होऊन साखळीतून बाहेर पडलेले. नवी लागण पहिल्या दोन गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होते आणि बाधितांचा ठरावीक अंश रोज बाहेर पडतो. या साथीसाठी संसर्गाचा गुणांक (त्या गुणाकाराला लावायचा आकडा) ०.००२१८ आणि बाहेर पडण्याचा दर दररोज ०.४४ हे आकडे प्रचलित आहेत. बाधितांच्या समीकरणाची उजवी बाजू, म्हणजे नवी लागण वजा बाहेर पडणारे, शून्य ठेवली, की समीकरण न सोडवताच कळते की पहिल्या गटात सुमारे २०२ मुले उरतात तेव्हा साथ शिखरावर असते. उकल हाती नसतानाही समीकरण इतके सांगून जाते, हे विद्यार्थ्यांना जितक्या लवकर दिसेल तितके चांगले.

आता अर्जाविषयी. प्रत्येक प्रश्नासमोर ‘अपेक्षित उत्तर’ असा रकाना होता आणि त्यात एकच उत्तर लिहिणे बंधनकारक होते. माझा शेवटचा आणि सर्वाधिक गुणांचा प्रश्न असा होता: या आकड्यांनुसार साथ संपेपर्यंत जेमतेम वीस मुले लागणीतून सुटतात, प्रत्यक्षात मात्र ५१२ जणांनीच अंथरूण धरले, हा फरक कशामुळे पडला असावा? एक विद्यार्थी म्हणेल की सौम्य लक्षणे असलेली मुले अंथरुणाला खिळलीच नसतील. दुसरी म्हणेल की सगळी मुले एकमेकांत सारखी मिसळतात हे गृहीतकच सैल आहे. तिसरा दाखवून देईल की आजारी मुले वेगळी ठेवल्यावर संसर्गाचा गुणांक स्थिर राहणार नाही. तिन्ही उत्तरे विचाराला धरून आहेत, आणि विद्यार्थी प्रतिमानाला प्रश्न विचारायला शिकतो तो इथेच.

अर्ज परत आला. ‘मॅडम, उत्तराचा आकडा लिहा, नाहीतर फेरतपासणीला अडचण होते,’ असे सांगण्यात आले. मी स्पष्टीकरणाचे पत्र जोडले; अर्ज पुन्हा परत आला, या वेळी रकाना रिकामा असल्याच्या शेऱ्यासह. पत्र कोणी वाचले होते की नाही, हे शेवटपर्यंत कळले नाही. संबंधित अधिकारी रजेवर, मग बैठकीत, मग दुसऱ्या परीक्षेच्या कामात. दरम्यान सत्र पुढे सरकत राहिले आणि जो घटक सुरुवातीला शिकवायचा होता, तो जर्नल पूर्ण करण्याच्या धांदलीत येऊन पडला. दोन विद्यार्थ्यांची उत्तरे निराळी असली तरी दोघांना सारखाच न्याय मिळावा, ही परीक्षा विभागाची काळजी रास्तच आहे. पण त्यासाठी प्रश्नच काढून टाका असे सुचवले गेले, तेव्हा मला मनापासून वाईट वाटले.

मार्ग निघाला तो गुणदान योजनेतून. ज्या भागांना निश्चित उत्तर आहे ते मी वेगळे केले: तिन्ही गटांची बेरीज प्रत्येक ओळीत ७६३ येणे, शिखराच्या क्षणी पहिल्या गटात उरणाऱ्या मुलांचा २०२ हा आकडा आणि एका बाधितापासून एक दिवसाच्या टप्प्याने ऑयलरची पद्धत (आजच्या वेगाने पुढचा टप्पा मोजत जाण्याची रीत) वापरल्यास दुसऱ्या दिवशी येणारे २.२२. खुल्या प्रश्नासाठी रकान्यात तीन निकष लिहिले: एक गृहीतक नेमके नोंदवणे, ते बदलल्यास बाधितांची संख्या कोणत्या दिशेने सरकेल हे सांगणे आणि ते गणन करून दाखवणे. प्रत्येक निकषासमोर गुण लिहिले आणि तोच अर्ज मंजूर झाला. माझा आग्रहाचा सल्ला असा, की ही योजना पहिल्याच अर्जासोबत द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नये.

ऑयलरच्या टप्प्याविषयी सांगायचे राहिले. वरचा २.२२ हा आकडा फार कमी आहे; समीकरणाच्या खऱ्या उकलीत एका दिवसात सुमारे ३.४ बाधित होतात. टप्पा लहान करत नेला की स्प्रेडशीटमधील शिखर अलीकडे सरकते, आणि हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहिले पाहिजे. त्याआधी एककांची तपासणी करून घ्यावी, कारण दोन्ही गुणांकांची एकके वेगळी आहेत आणि ते कळले नाही तर पुढचे गणित नुसती आकडेमोड राहते.

वेळ असेल तर मुंबईची साथही जरूर घ्यावी. हे तीन गटांचे प्रतिमान मांडणाऱ्या करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ च्या मूळ निबंधात आपले सूत्र १९०५–०६ मधील मुंबईच्या प्लेगमधील आठवड्यागणिक मृत्यूंना लावून पाहिले होते, आणि वक्र उत्तम जुळला होता. माणसांतला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब असतो, हेही त्यांनी तिथेच नोंदवले आहे. वक्र जुळला म्हणजे गृहीतकेही बरोबर ठरतात का, हा प्रश्न मी पुढच्या वर्षीच्या अर्जात घालणार आहे, निकषांसह.